दुसऱ्याचा कोड वापरूनही आपण गेम डेव्हलपर ठरतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात धरमपेठेतल्या एका खोलीत दर रविवारी सकाळी गेम बनवणाऱ्यांचा आमचा छोटा वर्ग भरतो. तिथे येणारी मुलेमुली, त्यांचे पालक आणि व्हॉट्सअॅपवर निरोप पाठवणारे अनोळखी वाचक निरनिराळ्या शब्दांत एकच शंका विचारत असतात: कोड दुसऱ्याचा असेल, तर गेम माझा कसा? या शंकेपोटी चांगली मुले काम अर्ध्यावर सोडताना मी पाहिली आहेत, म्हणून उत्तरे एकदाची सविस्तर लिहून ठेवली आहेत. प्रत्येक उत्तर सुटे वाचता येईल, आणि जो भाग अन्यत्र आला आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कायद्याविषयी जे लिहिले आहे ती सर्वसाधारण माहिती आहे. व्यवहारात पैसे गुंतले असतील तर वकिलाचा सल्ला घ्यावा.

१. मी गोडो किंवा युनिटी हे गेम इंजिन वापरतो. इंजिन दुसऱ्यांनी लिहिलेले आहे. मग मी स्वतःला गेम डेव्हलपर म्हणवून घेऊ शकतो का?

होय, निःसंकोच. इंजिन पडद्यावर चित्र उमटवते, आवाज वाजवते, बोटाचा स्पर्श ओळखते आणि दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या की नाही ते सांगते. खेळणाऱ्याने त्या क्षणी घाबरावे की हसावे, तिसऱ्या प्रयत्नात जिंकावे की तिसाव्या, हरल्यावर त्याला पुन्हा खेळावेसे वाटावे की नाही, यातले काहीही इंजिनाला ठाऊक नसते. ते ठरवणारा आणि ठरवलेले बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस म्हणजे गेम डेव्हलपर, अशी माझी सरळ व्याख्या आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा २०२० साली आलेला गेम अनरियल इंजिनावर उभा आहे. ‘हाफ-लाइफ’ हा १९९८ सालचा गेम इड सॉफ्टवेअरकडून परवान्याने घेतलेल्या ‘क्वेक’च्या इंजिनात मोठे फेरफार करून बनवला गेला. ते बनवणाऱ्यांना डेव्हलपर न म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

२. इंजिन, लायब्ररी, प्लगइन, टेम्पलेट आणि असेट यांत नेमका फरक काय?

लायब्ररी एखादे ठरावीक काम करून देते, उदाहरणार्थ वस्तूंच्या टकरींचे गणित. इंजिन म्हणजे अशा अनेक कामांची एकत्र बांधलेली व्यवस्था, जिच्या आत तुमचा गेम चालतो. प्लगइन त्या इंजिनाला एखादी जादा सोय जोडते. टेम्पलेट हा जवळजवळ पूर्ण झालेला गेम असतो, ज्यात तुम्ही आपले बदल करायचे असतात. असेट म्हणजे चित्रे, आवाज, अक्षरटंक, त्रिमितीय आकृत्या, आणि असेट विकणाऱ्या दुकानांत कधीकधी कोडही. या क्रमाचा उपयोग इतकाच, की तयार वस्तू गेमच्या गाभ्याच्या जितकी जवळ, तितके तुमचे स्वतःचे काम जास्त दिसले पाहिजे. टेम्पलेटबद्दल प्रश्न १० पाहावा.

३. जुन्या काळातले प्रोग्रामर तर सगळे स्वतःच लिहीत असत. आपणच आयते घेतो, असे नाही का?

ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती खरी नाही. १९९३ सालचा ‘डूम’ हा स्वतः इंजिन लिहिणाऱ्यांचा आदर्श मानला जातो, पण त्यातला आवाजाचा भाग बाहेरून परवान्याने घेतलेल्या लायब्ररीचा होता. म्हणूनच इड सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९७ मध्ये ‘डूम’चा कोड सर्वांसाठी खुला केला तेव्हा तो आवाजाचा कोड त्यांना देता आला नाही, कारण तो त्यांचा नव्हता.

ज्या युक्त्यांवर निम्मे गेम चालतात त्याही कुणीतरी आधी शोधून ठेवलेल्या आहेत. शत्रूला अडथळे टाळून वाट शोधायला लावणारी ‘ए-स्टार’ पद्धत हार्ट, निल्सन आणि राफेल या तिघांनी १९६८ साली प्रसिद्ध केली. डोंगर, ढग आणि संगमरवराची नैसर्गिक वाटणारी नक्षी तयार करणारा ‘पर्लिन नॉइज’ केन पर्लिन यांनी १९८०च्या दशकात मांडला. आज एखादा विद्यार्थी ए-स्टार स्वतः टंकतो तेव्हाही विचार त्या तिघांचाच असतो. मग तोच विचार तयार लायब्ररीतून घेणाऱ्याला कमी का लेखावे, हे मला कधी पटलेले नाही.

४. यूट्यूबवरचे ट्युटोरियल पाहून ओळ न ओळ उतरवलेला गेम माझा म्हणता येईल का?

शिकण्याचा सराव म्हणून तो तुमचा आहे आणि त्याची लाज बाळगू नये. बाराखडी गिरवल्याशिवाय हात वळत नाही. मात्र तो प्रसिद्ध करताना ‘हा माझा गेम’ असे म्हणायचे असेल, तर गिरवण्याच्या पुढे कुठेतरी गेलेले असावे.

कुठे, ते एका उदाहरणाने सांगतो. गोडोच्या चौथ्या आवृत्तीत पात्राच्या हालचालीची तयार स्क्रिप्ट मिळते. तिच्यात धावण्याचा वेग ३०० आणि उडीचा वेग उणे ४०० असा लिहिलेला असतो, उणे अशासाठी की पडद्यावरचे अंतर वरून खाली मोजले जाते. गुरुत्वाकर्षण ९८० धरले तर ही उडी सुमारे ८२ पिक्सेल उंच जाते आणि पात्र पाऊण सेकंदाहून थोड्या अधिक काळाने जमिनीवर येते. नवशिक्यांच्या गेममध्ये ससा असो, सैनिक असो की भूत, सगळे अगदी एकसारखी उडी मारतात, कारण त्या उणे ४०० ला कुणी हातच लावलेला नसतो.

आमच्या वर्गातल्या मुलांनी मारबतीच्या, म्हणजे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीवर एक गेम बनवायला घेतला होता. त्यात इतवारीच्या गल्लीतून डोक्यावर बडग्या, म्हणजे त्या मिरवणुकीतला पुतळा, धरून माणूस चालतो आणि वाटेतल्या खड्ड्यांवरून, हातगाड्यांवरून उडी मारतो. नववीतल्या एका मुलाने पहिल्याच दिवशी विचारले, “सर, डोक्यावर एवढं वजन आहे, तर हा सशासारखा कसा उडतो?” त्याने उडीचा वेग उणे ३२० केला, त्यामुळे उंची सुमारे ५२ पिक्सेलवर आली. मग खाली येताना गुरुत्वाकर्षण दीडपट होईल अशी एक ओळ त्याने घातली, आणि पाय टेकताच बडग्या क्षणभर डुलेल अशी व्यवस्था केली. बाकीची स्क्रिप्ट जशीच्या तशी होती. त्या तीन बदलांनी माणसाच्या डोक्यावर वजन आले, आणि माझ्या मते त्याच दुपारी तो मुलगा गेम डेव्हलपर झाला.

५. घेतलेला कोड चालतो, पण तो कसा चालतो ते मला कळत नाही. हे चालेल का?

छंदाच्या गेममध्ये काही काळ चालेल. लोकांच्या हातात गेम द्यायचा असेल तर चालणार नाही, आणि हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो आहे.

काही वर्षांपूर्वी मी तान्ह्या पोळ्यावर एक छोटा गेम केला होता. सजवलेला लाकडी बैल धावतो आणि मुलाने वेळेवर टिचकी मारून त्याला अडथळ्यांवरून उडवायचे. धावण्याचा कोड मी एका खुल्या प्रकल्पातून घेतला होता. माझ्या फोनवर सगळे सुरळीत चालत होते. एका शाळेच्या कार्यक्रमात तो गेम मी एका पालकांच्या नव्या फोनवर मुलांना खेळायला दिला, तर बैल सुसाट सुटला आणि पहिल्याच कुंपणावर आदळू लागला. एक लहान मुलगी म्हणाली, “काका, तुमचा बैल बिथरला.” मला त्यावर काहीही उत्तर देता आले नाही, कारण तो कोड मी वाचलाच नव्हता.

रात्री शोधले तेव्हा दोष एका ओळीत सापडला. बैल ‘प्रत्येक फ्रेमला चार पिक्सेल पुढे’ जात होता. फ्रेम म्हणजे पडद्यावर एकामागून एक उमटणारे एकेक चित्र. माझा फोन सेकंदाला ६० फ्रेम दाखवत होता, म्हणजे वेग सेकंदाला २४० पिक्सेल. त्या नव्या फोनचा पडदा १२० फ्रेमचा होता, म्हणून वेग झाला ४८० पिक्सेल. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते मोजून वेगाला त्या वेळेने गुणायचे असते, हा पहिल्या धड्यातला नियम मूळ लेखकाने पाळला नव्हता आणि मी तो तपासला नव्हता. दोष लिहिला त्याने, पण मुलांसमोर ठेवला मी. म्हणून घेतलेल्या कोडविषयी माझी एकच अट आहे: तो काय घेतो, काय देतो आणि कोणत्या परिस्थितीत मोडतो, एवढे तुम्हाला सांगता आले पाहिजे. इंजिनाच्या पोटातली लाखो ओळींची यंत्रणा कळण्याची अपेक्षा नाही. आपण आपल्या हाताने गेममध्ये चिकटवलेल्या शंभर ओळी मात्र कळल्याच पाहिजेत.

६. इंटरनेटवर खुला दिसणारा कोड कुणीही वापरू शकतो ना?

नाही. दिसणे आणि वापरण्याची मुभा असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा वाङ्मयीन कृतींमध्ये मोडतो, आणि कवितेप्रमाणेच तो लिहिला गेल्याक्षणी त्यावर लेखकाचा हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर एखाद्या प्रकल्पासोबत कोणताही परवाना दिलेला नसेल, तर तो वाचता येतो, पण आपल्या गेममध्ये घालून वाटण्याची परवानगी मिळालेली नसते. अशा वेळी लेखकाला निरोप पाठवून सरळ विचारावे. माझा अनुभव असा, की बहुतेक जण आनंदाने परवाना जोडून देतात.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरची उत्तरे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या आणि त्याच अटींवर वाटा’ या परवान्याखाली असतात. दोन-चार ओळींची युक्ती समजून घेऊन आपल्या शब्दांत, म्हणजे आपल्या कोडमध्ये, नव्याने लिहिणे हाच तिथला उत्तम मार्ग, आणि ती कुठे सापडली त्याचा दुवा टिप्पणीत ठेवावा. सहा महिन्यांनी तुम्हालाच तो लागेल.

७. परवान्यांची नावे पाहून गोंधळ होतो. किमान काय लक्षात ठेवावे?

एमआयटी, झीलिब आणि अपाचे हे मोकळे परवाने आहेत. विकाऊ गेममध्येही असा कोड चालतो, मात्र एमआयटी आणि अपाचेच्या बाबतीत मूळ परवान्याचा मजकूर सोबत द्यावा लागतो. गोडो स्वतः एमआयटी परवान्याखाली आहे, म्हणून गोडोत केलेल्या प्रत्येक गेमच्या श्रेयनामावलीत किंवा सोबतच्या फाइलमध्ये तो मजकूर हवा. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांच्या ध्यानात हे नसते.

जीपीएल हा वेगळ्या विचाराचा परवाना आहे. त्याखालचा कोड तुमच्या प्रोग्रामचा भाग बनवून वाटलात, तर पूर्ण प्रोग्रामचा कोड त्याच अटींवर द्यावा लागतो. त्याचे एक अवघड उदाहरण प्रश्न ८ मध्ये आहे. चित्रे आणि आवाज यांच्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने असतात. त्यांत ‘सीसी शून्य’ असेल तर अट नाही, ‘बीवाय’ असेल तर श्रेय द्यावे लागते आणि ‘एनसी’ असेल तर व्यापारी वापर करता येत नाही. जाहिराती दाखवणारा मोफत गेमही व्यापारी वापरात गणला जाऊ शकतो, याकडे विशेष लक्ष द्यावे.

८. मला बुद्धिबळाचा गेम करायचा आहे. त्यात स्टॉकफिश घातले तर काय होईल?

दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून हा प्रश्न आमच्याकडे वरचेवर येतो. आपल्याच गावची मुलगी जिंकल्यावर तो येणारच, आणि तो आला याचा मला फार आनंद आहे.

स्टॉकफिश हे चाल शोधणारे अतिशय बलवान इंजिन जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुले आहे. ते वापरायला, विकायलासुद्धा, मनाई नाही. पण ते गेमसोबत वाटताना त्याचा कोड, तुम्ही केलेल्या बदलांसह, ग्राहकाला उपलब्ध करून द्यावा लागतो आणि हे स्टॉकफिश आहे हे लपवता येत नाही. स्टॉकफिशचा कोड तुमच्याच प्रोग्राममध्ये मिसळून एक फाइल केली, तर ती अट तुमच्या पूर्ण गेमला लागू होते. स्टॉकफिश वेगळा प्रोग्राम म्हणून चालवला आणि तुमचा पटाचा भाग त्याच्याशी बुद्धिबळ इंजिनांच्या ठरलेल्या संदेशपद्धतीने बोलला, तर दोन्ही सामान्यतः स्वतंत्र मानले जातात.

हा केवळ पुस्तकी मुद्दा नाही. स्टॉकफिशच्या लेखकांनी २०२१ साली जर्मनीतल्या चेसबेस या कंपनीवर याच कारणासाठी दावा लावला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीला एक वर्ष स्टॉकफिश असलेली उत्पादने विकता आली नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चाल शोधणारा मेंदू स्टॉकफिशचा असेल तर तुम्ही बुद्धिबळ इंजिनाचे लेखक नाही, हे स्पष्टपणे मान्य करावे. पण आठ वर्षांच्या मुलाला मराठीतून ‘तुझा उंट अडकला आहे’ असे वेळेवर सांगणारा, त्याच्या चुकीवर न रागावणारा आणि त्याच्या कुवतीप्रमाणे हरणारा पट तुम्ही बनवलात, तर त्या गेमचे डेव्हलपर तुम्हीच. स्टॉकफिशला त्यातले एकही काम आपणहून येत नाही.

९. परवान्यात श्रेय देण्याची सक्ती नसेल तरी द्यावे का?

द्यावे. ‘अँग्री बर्ड्स’मधले पक्षी आणि कोसळणाऱ्या लाकडी फळ्या एरिन कॅट्टो यांच्या बॉक्स-टू-डी या खुल्या लायब्ररीच्या गणितावर चालत होत्या. तिच्या तेव्हाच्या झीलिब परवान्यात श्रेयाची अपेक्षा होती, सक्ती नव्हती, आणि गेममध्ये ते दिलेले नव्हते. २०११ सालच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये तो गेम बनवणाऱ्या रोव्हिओ कंपनीच्या प्रतिनिधीचे भाषण झाल्यावर कॅट्टो प्रश्न विचारायला उभे राहिले. भौतिकशास्त्रासाठी कोणते इंजिन वापरले, असे त्यांनी विचारले, उत्तर मिळाले, आणि मग तिचे श्रेय द्याल का, असे त्यांनी भर सभेत विचारले. जगभर कोट्यवधी लोकांनी खेळलेल्या गेमच्या पायाखालच्या माणसाला आपले नाव असे मागावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते.

श्रेय दिल्याने तुमचे काम कमी होत नाही. आमच्या वर्गात ज्यांची श्रेयनामावली लांब असते, त्यांना आपल्या गेममधला प्रत्येक भाग कुठून आला हे माहीत असते, आणि तीच मुले बिघाडही लवकर शोधतात.

१०. टेम्पलेट विकत घेतले, चित्रे बदलली, नाव बदलले आणि प्ले स्टोअरवर टाकले. मी डेव्हलपर का?

स्टोअरच्या खात्यावर तो शब्द लिहून येईल, पण माझे उत्तर ‘अजून नाही’ असे आहे. टेम्पलेटच्या परवान्यात परवानगी असेल तर यात बेकायदा काही नाही. मात्र खेळणाऱ्याने काय करायचे आणि केव्हा, यातला एकही निर्णय तुम्ही घेतलेला नाही. नवा टप्पा रचा, एखादा नियम उलटा करा, चार जणांना खेळायला द्या आणि ते कुठे कंटाळतात ते शेजारी बसून पाहा. तिथून पुढे उत्तर बदलते.

११. मला कोड लिहिताच येत नाही. ठोकळे जोडून किंवा चित्रांच्या साह्याने गेम करणारा डेव्हलपर असतो का?

असतो. ठोकळे जोडणे हेही प्रोग्रामिंगच आहे. २०१७ सालच्या ‘हॉलो नाइट’मध्ये शत्रूंच्या वागण्याचा बराच भाग प्लेमेकर या चित्ररूप साधनात बांधलेला आहे, आणि ते साधनही दुसऱ्या कुणीतरी बनवलेले होते.

१२. एआयकडून कोड लिहून घेतला तर?

प्रश्न ५ मधली अट इथे अधिक कडकपणे लागू होते. ट्युटोरियलमधला किंवा लायब्ररीतला कोड निदान एका माणसाने चालवून पाहिलेला असतो आणि त्याच्याखाली इतरांच्या तक्रारी वाचता येतात. एआयने तुमच्यासाठी आत्ता लिहिलेला कोड जगात पहिल्यांदा तुमच्याच यंत्रावर चालत असतो, त्यामुळे तो तपासणारे पहिले आणि एकमेव डोळे तुमचे असतात. दुसरे असे, की असा कोड कुणाच्या लिखाणाशी फार जुळतो का, हे तुम्हाला सहजासहजी कळत नाही, म्हणून मोठा सलग भाग उचलण्यापेक्षा लहान तुकडे घ्यावेत. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने जानेवारी २०२४ पासून गेममधील एआयच्या वापराची माहिती मागवायला सुरुवात केली आहे. गेम सादर करताना त्या वेळचे नियम वाचून खरी माहिती भरावी.

आमच्या वर्गात एआय वापरायला बंदी नाही. दर रविवारी मी कुणाच्याही कोडमधल्या एका ओळीवर बोट ठेवतो आणि ‘ही काढली तर काय होईल?’ असे विचारतो. उत्तर आले की काम पुढे जाते, मग ती ओळ कुणीही लिहिलेली असो.

१३. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये खुला कोड वापरला तर नक्कल धरली जाईल का?

वापर उघडपणे सांगितला तर सहसा नाही, पण आपल्या महाविद्यालयाचे नियम आधी विचारून घ्यावेत. अहवालात एक स्वतंत्र पान ठेवून बाहेरून घेतलेले भाग, त्यांचे परवाने आणि आपण लिहिलेले भाग वेगवेगळे मांडावेत. तोंडी परीक्षेत हे पान तुमच्या बाजूने उभे राहते.

तयार प्रोजेक्ट विकत घेऊन आपला म्हणून देणे ही मात्र सरळ फसवणूक आहे. एकदा माझ्याकडे नोकरीचा सल्ला घ्यायला आलेल्या एका मुलाने असा प्रोजेक्ट दाखवला. सुरुवातीच्या पडद्यावरचा रंग कुठून बदलायचा, हेही त्याला सांगता येईना आणि त्याचे डोळे भरून आले. चार वर्षांत त्याला कुणी शिकायला बसवले नव्हते, याबद्दल मला त्याचा नव्हे, तर मोठ्या माणसांचा राग आला. तो आता वर्गाला येतो.

१४. गेम जॅममध्ये आधीचा कोड चालतो का?

गेम जॅम म्हणजे ठरावीक वेळेत गेम बनवण्याची स्पर्धा, आणि उत्तर स्पर्धेप्रमाणे बदलते. लुडम डेअरच्या एकट्याने गेम बनवायच्या ४८ तासांच्या विभागात चित्रे आणि आवाज त्याच वेळेत स्वतः करावे लागतात, पण इंजिन, लायब्ररी आणि हाताशी असलेला पायाभूत कोड चालतो. जेएस-तेरा-के या स्पर्धेत पूर्ण गेम १३ किलोबाइटमध्ये बसवायचा असल्याने बाहेरचे काही घेण्याचा मोह आपोआप आवरतो.

१५. माझ्या गेममधली प्रत्येक ओळ मीच लिहिली आहे. मग तर कुणाचा आक्षेप येऊच शकत नाही ना?

येऊ शकतो, आणि या विषयातला सर्वांत दुर्लक्षित अपवाद हाच आहे. झिओ नावाच्या कंपनीने आयफोनसाठी ‘मिनो’ हा टेट्रिससारखा गेम केला. कोड त्यांचा स्वतःचा होता. तरी २०१२ साली अमेरिकेतील न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयाने निकाल टेट्रिसच्या बाजूने दिला. ठोकळे पडावेत आणि ओळ भरली की नाहीशी व्हावी, हा नियम कुणाच्या मालकीचा नाही, परंतु ठोकळ्यांचे रूप, पटाचे माप आणि एकूण दर्शन जसेच्या तसे घेतल्याने हक्कभंग होतो, असे न्यायालयाने मानले. अमेरिकेतील निकाल भारतातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण कल्पना मोकळी आणि तिची अभिव्यक्ती संरक्षित, हे तत्त्व आपल्याकडेही आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण २०१४ सालचे आहे. गाब्रिएले चिरुल्ली या इटालियन तरुणाने ‘२०४८’ हा गेम एमआयटी परवान्याखाली खुला केला, म्हणून त्याच्या कोडवर इतरांनी केलेल्या असंख्य आवृत्त्या कायदेशीर आहेत. पण त्याआधी काही आठवड्यांपूर्वी आलेल्या ‘थ्रीज’च्या कर्त्यांनी चौदा महिने खपून तो खेळ घडवला होता, आणि आपल्या कल्पनेची इतकी झपाट्याने नक्कल झाल्याचे दुःख त्यांनी आपला जुना पत्रव्यवहार प्रसिद्ध करून मांडले. कोड कुणाचा, एवढेच विचारून हा प्रश्न सुटत नाही. कल्पना जिथून आली त्यांचेही नाव घ्यावे, असे मला वाटते.

१६. मी मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करतो. तिथे मीच लिहिलेला कोड रात्री माझ्या गेममध्ये वापरू का?

विचारल्याशिवाय वापरू नये. नोकरीच्या कामात लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो, असे कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते. त्यामुळे तुमच्या हातून उतरलेला असूनही हा कोड कायद्याने ‘दुसऱ्याचा’ आहे. शिकलेले कौशल्य मात्र तुमचेच राहते, तेव्हा घरी कोऱ्या फाइलपासून सुरुवात करावी आणि नेमणूकपत्रातले फावल्या वेळेच्या कामाविषयीचे कलम वाचून घ्यावे.

१७. दुसऱ्याच्या गेमचा मॉड बनवला तर?

मॉड म्हणजे आधीच्या गेममध्ये फेरफार करून केलेला नवा खेळ. ‘काउंटर-स्ट्राइक’ १९९९ साली ‘हाफ-लाइफ’चा मॉड म्हणून सुरू झाला. ते इंजिन मुळात ‘क्वेक’चे, हे प्रश्न १ मध्ये आले आहे. तीन पिढ्यांचा हा कोड एकमेकांच्या खांद्यावर उभा आहे आणि तिन्ही पिढ्यांना लोक डेव्हलपरच म्हणतात. फक्त मूळ गेमच्या मालकाने मॉडला कोणत्या अटींवर परवानगी दिली आहे, ते पाहावे.

१८. दुसऱ्याच्या कोडवर विसंबणे धोक्याचे नाही का? उद्या त्यांनी नियम बदलले तर?

धोका आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलवर शुल्क घेण्याची योजना जाहीर केली, जगभर संताप झाला, आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ती रद्द करण्यात आली. त्या वर्षात अनेक जण गोडोकडे वळले. म्हणून गेमचे नियम, गुणांचे हिशोब, संवाद आणि टप्प्यांची माहिती शक्यतो इंजिनाच्या आज्ञांपासून वेगळ्या फाइलींत ठेवावी, वापरलेल्या लायब्ररीची नेमकी आवृत्ती नोंदवून तिची प्रत आपल्याजवळ जपावी. मारबतीच्या गेममध्ये मुलांनी गल्लीतल्या सगळ्या अडथळ्यांच्या जागा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिल्या आहेत. इंजिन बदलले तरी गल्ली तीच राहील.

१९. मग एकदा तरी स्वतःचे इंजिन लिहावे का?

पहिल्या गेमसाठी अजिबात नाही. तीन-चार गेम पूर्ण झाल्यावर मात्र एक सुट्टी द्यावी आणि चेंडू, दोन फळ्या आणि गुणफलक एवढाच खेळ कोणत्याही इंजिनाशिवाय लिहून पाहावा. फ्रेम म्हणजे काय, टक्कर कशी ओळखतात, आवाज उशिरा का वाजतो, हे त्या आठवड्यात जितके कळते तितके एरवी वर्षभरात कळत नाही. त्यानंतर पुन्हा इंजिनाकडे वळावे.

२०. श्रेयनामावली प्रत्यक्षात कशी लिहावी?

आम्ही वापरतो ती पद्धत सांगतो. प्रकल्पाच्या पहिल्या दिवशीच एक फाइल उघडायची आणि बाहेरून काहीही आणले की त्याच क्षणी तिच्यात चार गोष्टी लिहायच्या: वस्तूचे नाव, कर्त्याचे नाव, परवाना आणि आपण त्यात काय बदलले. शेवटी आठवून लिहू म्हटले की निम्मी नावे सुटतात.

मारबतीच्या गेमचा शेवटचा पडदा असा आहे. वर मुलांची नावे आणि प्रत्येकाचे काम. त्याखाली गोडोच्या परवान्याचा मजकूर. मग ढोलताशाचा आवाज, ज्याने तो ‘बीवाय’ परवान्याखाली दिला त्याच्या नावासह. मग देवनागरी अक्षरटंक आणि तो घडवणाऱ्यांची नावे. उडीच्या ओळीसमोर मुलांनी लिहिले आहे: ‘मूळ स्क्रिप्ट गोडोची, वजन आमचे.’ आणि सर्वांत खाली, ज्या आजोबांनी त्यांना बडग्या कसा बांधतात ते दोन दुपारी अंगणात बसून दाखवले, त्यांचे नाव आहे. त्यांनी कोडची एकही ओळ लिहिली नाही, पण बडग्या कोणत्या बाजूला कलतो हे मुलांना त्यांच्याकडूनच कळले.